ह्यांचा हात

पुण्यात मी सहा वर्षं एका अ‍ॅनिमेशन कंपनीत होते. परदेशी मालिकांमधली पात्रं आमच्याकडे यायची आणि आम्ही त्यांचे आकार बदलायचो. कुणाची हनुवटी पुढे काढायची, कुणाचं पोट आत घ्यायचं, एकाच बाहुलीच्या तीन बहिणी करून द्यायच्या. मग वडील अंथरुणाला खिळले आणि मी ग्वाल्हेरला परत आले. वडील गेले, मी आईजवळ इथेच राहिले. टोपी बाजारात गरम कपड्यांच्या एका होलसेल दुकानावरची खोली घेतली, दोन कॉम्प्युटर मांडले आणि लग्नाच्या निमंत्रणाचे कार्टून व्हिडिओ करायला लागले. पुण्याच्या मैत्रिणींना हे सांगायची मला बरेच दिवस लाज वाटायची.

काम समजायला सोपं आहे. सॉफ्टवेअरमध्ये तयार पुतळे मिळतात. एक नवरा, एक नवरी, एक काका, एक आजी. त्यांचं अंग म्हणजे बारीक चौकोनांची एक जाळी असते. पेनने ती ओढायची, दाबायची, फुगवायची, की त्या काकाचे हळूहळू आपल्याला हवे ते काका होतात. डोकं जरा मोठं, डोळे मोठे, बाकी माणूस ओळखू यायला पाहिजे. लोक फोटो पाठवतात आणि सोबत सूचनाही. मुलीला जरा बारीक करा. मुलाला दोन बोटं उंच करा. सासऱ्यांना केस द्या. मी सगळं करून देते.

गेल्या काही वर्षांत लोक गेलेली माणसंही मागायला लागले. आजोबा दारातून येतात, नातवाच्या डोक्यावर हात ठेवतात, सगळ्यांना लग्नाला बोलावतात. पहिल्यांदा मी असा व्हिडिओ केला तेव्हा त्या घरचा पन्नाशीचा मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा राहून रडला होता. मला वाटलं, हे काही वाईट काम नाही.

एक मुलगी डिसेंबरच्या अखेरीला आली. धुक्याचे दिवस होते. अकरा वाजून गेले तरी ऊन नव्हतं आणि खालच्या दुकानातले लोक पत्र्याच्या डब्यात लाकडं पेटवून बसले होते. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची, घर दौलतगंजात, नोकरी इंदूरला. आडनावावरून कळलं की आमच्यासारखंच, कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं घराणं. तिने माझ्याशी मराठीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला हिंदीत घसरली.

"ताई, बाबांना आणायचं आहे. तीन साल हो गए. हार्ट अटॅक. मतलब, पत्रिकेत कैलासवासी लिहिणारच, पण मला ते दिसायला हवेत ना."

व्हिडिओ कसा हवा ते तिने मनात पक्कं केलेलं होतं. ती स्वतः नवरीच्या वेषात अंगणात उभी. बाबा दारातून येतात, तिचा पदर सारखा करतात. मग आईजवळ जातात, आईच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि दोघं मिळून पाहुण्यांना निमंत्रण देतात.

"आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"हो, सांगितलं ना. ती काही बोलतच नाही. बाबा गेल्यापासून फारच गप्प झाली आहे. तिच्यासाठीच करतेय मी हे."

तिने जागेवरच मला चाळीसेक फोटो पाठवले. वडील सरकारी कचेरीत होते. फोटोत भरदार मिशा, रुंद छाती, हसताना डावा डोळा जास्त बारीक व्हायचा. गणपतीच्या मांडवात खुर्च्या लावताना, स्कूटरवर पुढे पोरीला उभं करून, फूलबागेत तिला खांद्यावर घेऊन. ती एकेक फोटो दाखवत सांगत होती. रोज सकाळी तिच्या शाळेच्या बुटांना बाबाच पॉलिश करायचे. परीक्षेच्या दिवशी कचेरीतून सुट्टी घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. तिच्यावर एकदासुद्धा ओरडले नाहीत. मला त्या माणसाचा पुतळा करायला मजा येणार हे तेव्हाच कळलं. चेहऱ्यात धरायला खूप काही होतं.

आईचे फोटो मात्र कामाचे नव्हते. एकात पाठ, एकात अर्धं तोंड, बाकीच्यांत ती ताटं वाढताना वाकलेली. मी म्हटलं, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो लागतील, आईंना एकदा पाठव.

दोन दिवसांनी तिची आई, म्हणजे काकू, एकट्याच आल्या. साठीच्या जवळपास, अंगाने बारीक, स्वेटरवर शाल. जिना चढून दमल्या होत्या, तरी खुर्चीवर टेकून बसल्या नाहीत, कडेलाच बसल्या. मी चहा मागवला. समोरून फोटो काढला. मग खांदे दिसावेत म्हणून शाल आणि स्वेटर काढायला सांगितलं. त्यांनी निमूटपणे काढलं. ब्लाउजच्या गळ्यापाशी डाव्या बाजूचं हाड वर आलेलं होतं आणि तो खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता.

"पडलात का कधी?" मी सहज विचारलं.

"हो, पडले," त्या म्हणाल्या. "हाड वाकडंच जुळलं. दाखवायला उशीर झाला ना."

मी आणखी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्यावेळी सॉफ्टवेअरच होतं. पुतळा घडवताना एक बाजू ओढली की दुसरी बाजू आपोआप तशीच होते, त्यामुळे निम्म्या वेळात काम उरकतं. काकूंसाठी ती सोय बंद करावी लागणार होती, एवढाच विचार मी केला.

आठवडाभरात दोघांचे पुतळे उभे राहिले. मुलगी इंदूरला परत गेली होती. तिला मी व्हिडिओ कॉलवर दाखवले. वडिलांकडे बघून तिने तोंडावर हात घेतला. मग आईचा पुतळा बघितला.

"ताई, आईचा खांदा असा का केलाय?"

"तसाच आहे तो."

"नाही हो. कुठे? वैसे तो… ती पडली होती म्हणे एकदा जिन्यावरून, मी लहान होते. पण इतकं नाही दिसत. सरळ करा ना, लग्नाचा व्हिडिओ आहे."

त्याच घरात लहानाची मोठी होऊन तिने तो खांदा बघितला नव्हता. मी सरळ केला. दोन मिनिटांचं काम होतं. बंद केलेली ती सोय पुन्हा सुरू केली, उजवा खांदा डावीकडे आला.

पुढचं काम चेहऱ्यातल्या हालचालींचं होतं. वडील हसताना गाल कसे चढायचे, भुवया किती उचलायच्या, हे फोटोंवरून नीट कळत नव्हतं. मुलगी म्हणाली, "आईलाच पाठवते परत. तिच्याइतकं बाबांना कोण ओळखणार?"

त्या दिवशी काकू दुपारी आल्या. मी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची माझ्या शेजारी, पडद्यासमोर ओढली. वडिलांचा पुतळा दारातून चालत आला. काकू बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"चाल जरा जड होती," त्या म्हणाल्या. "टाच आधी टेकायची. पायऱ्यांवर आवाज यायचा."

मी टाच आधी टेकवली. त्यांनी मान डोलावली. मिशा, गाल, कानाची पाळी, त्या एकेक सांगत गेल्या आणि मी पेनने सारखं करत गेले. इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. मी खूश झाले होते.

मग पुतळ्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला तिथे त्यांनी मला थांबवलं.

"हा हात ह्यांचा नाही."

तो नव्हताच. तयार काकाचा होता, गुबगुबीत, गोल बोटांचा, सगळ्यांना मी तोच देते. मी म्हटलं, "सांगा, कसा होता?"

"पंजा रुंद हवा. अजून. बोटं जाड, पण आखूड नको करू. नखं चौकोनी." त्या पडद्याकडे बघत सलग बोलत होत्या. "अंगठा मागे वळायचा, असा. मधल्या बोटाचा सांधा मोठा होता. अंगठी ह्या बोटात नाही, त्याच्या शेजारच्या. खडा आतल्या बाजूला फिरलेला असायचा. इथे, करंगळीखाली, मांस कडक होतं."

मी जाळी ओढत होते, दाबत होते. अर्ध्या तासात पडद्यावर एका खऱ्या माणसाचा हात तयार झाला. बाकी सगळं अंग कार्टूनचं, आणि मनगटापुढे तो हात. मी तो फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवला. तळवा समोर आला तेव्हा काकूंची खुर्ची मागे सरकली. फरशीवर पाय घासल्याचा आवाज झाला.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "हा माझ्या अंगावर ठेवायलाच पाहिजे का, बेटा?"

मी पेन खाली ठेवलं. मला कळलं होतं. करंगळीखालचं मांस कडक आहे हे कुणाला ठाऊक असतं?

त्यांनी फार सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते पडद्याकडेच बघून. "पोर घरात असली की काही करायचे नाहीत. माझ्याशी बोलायचेसुद्धा नीट. ती शाळेत गेली की मग. म्हणून मला शाळेला सुट्ट्या लागल्या की बरं वाटायचं. बाकीच्या बायका म्हणायच्या, पोरं घरी असली की जीव नको होतो. मी मे महिन्याची वाट बघायचे."

"आणि ती इंदूरला शिकायला गेली तेव्हा?"

त्या शालीचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तिला सांगितलं नाहीत कधी?"

"काय सांगू? तिचा बाप तिच्यासाठी चांगलाच होता. खोटं नाही ते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तूही सांगायचं नाही हं. फक्त खांद्यावरचा हात काढून टाक. काहीतरी कारण सांग. तुमच्या मशीनचं काहीतरी असतं ना."

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मी खांद्यावरचा हात काढून टाकला. वडील आता आईपासून दोन हातांवर उभे राहत होते आणि पाहुण्यांना नमस्कार करत होते. मुलीला व्हिडिओ पाठवला. तासाभरात तिचा फोन आला.

"ताई, हात कुठे गेला?"

मी सांगितलं की हात खांद्यात घुसतो आहे, जाळीतून आरपार दिसतो, बरं दिसत नाही. यात अर्धं खरं असतं. असं होतं आणि ते दुरुस्तही करता येतं. पण तिने एक निमंत्रण व्हिडिओ नीट पाहिलेला होता.

"माझ्या मैत्रिणीच्या व्हिडिओत तुम्हीच केलं आहे की. तिच्या आजोबांनी खांद्यावर हात ठेवलाय, कुठे घुसला? प्लीज ताई, तेच तर मेन आहे. आईला एकटं वाटतं हो. त्या एका सीनसाठी मी हे सगळं करतेय."

त्या क्षणी मी बोलू शकले असते. बोलावं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही, पण बोलू शकले असते. मी म्हटलं, बघते. आणि काकूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुकरची शिट्टी झाली.

"ठेव मग," त्या म्हणाल्या.

"काकू, मी तिच्याशी बोलू का? सगळं नाही, थोडंसं?"

"नाही. लग्न आहे तिचं. दोन मिनिटांचा तर व्हिडिओ आहे. ठेव."

आता जे सांगायचं ते मला सगळ्यात जड जातं. हात ठेवायचाच होता तर मी तो तयार काकाचा, गुबगुबीत, कुणाचाच नसलेला हात परत लावू शकले असते. तो बाजूला साठवलेला होता. काकूंसाठी एवढं तरी करता आलं असतं आणि मुलीला फरक कळला नसता. मी ते केलं नाही. घाई होती असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. घाई नव्हती. तो हात फार चांगला झाला होता. पुण्यात सहा वर्षांत मी इतका जिवंत हात घडवला नव्हता, आणि मला तो टाकून देववेना. मी तो खांद्यावर ठेवला, बोटं कापडावर किंचित दाबली जातील अशी बसवली, कापडाला सुरकुतीसुद्धा दिली.

व्हिडिओ सगळीकडे गेला. मुलीचा मेसेज आला: "ताई, हात तर एकदम बाबांचा!!" पुढे रडणारी चार तोंडं. त्या व्हिडिओमुळे मला त्या हंगामात सात-आठ कामं मिळाली.

लग्न फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये होतं, सकाळचा मुहूर्त. तिने मला आग्रहाने बोलावलं आणि मीही गेले. जायला नको होतं, पण न जाण्याचं कारण देता आलं नसतं. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू व्हायच्या आधी मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला. काकू पहिल्या रांगेत, हिरव्या पैठणीत. मी बाजूला भिंतीपाशी उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता.

वडील दारातून आले, टाच आधी टेकवत. हॉलमध्ये "अरे, अरे" असं झालं. त्यांचे कचेरीतले मित्र रुमाल काढून बसले. त्यांनी मुलीचा पदर सारखा केला. मग ते वळले आणि आईच्या पुतळ्याकडे आले. पडद्यावर हात वर उचलला गेला. त्याच वेळी काकूंचा डावा खांदा कानापर्यंत वर गेला आणि मान त्या बाजूला दबली. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही. त्यांना ते कळलं असेल असंही वाटत नाही. हात खांद्यावर टेकला, पडद्यावरची आई हसली, कारण मी तिला हसवलं होतं. काकू तशाच आकसून बसल्या होत्या.

मुलीने ते बघितलं. ती स्टेजवरून शालू सावरत धावत खाली आली आणि आईला मिठी मारून रडायला लागली. "आई, रडू नको ना. ते आहेत इथेच." कॅमेरावाला दोघींभोवती फिरत होता. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. काकू मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांचे डोळे कोरडे होते.

मी जेवले नाही. बाहेर येऊन बागेच्या कठड्याशी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी गेले.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी काकू मला दौलतगंजात भाजी घेताना भेटल्या. लू, म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले वारे, सुरू झाली होती, त्यांनी डोक्यावरून ओला पंचा घेतला होता. मी पुढे जाऊन उभी राहिले. त्याच म्हणाल्या, "घर जवळच आहे, चल, पाणी पिऊन जा."

दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत दिवाणाच्या वर, भिंतीवर, दरवाजाएवढी तसबीर. व्हिडिओतलंच दृश्य होतं, मुलीने छापून, काचेत घालून पाठवलेलं. वडील, आई, खांद्यावर हात. इतकं मोठं केल्यावर नखंसुद्धा दिसत होती.

"तिने इंदूरहून पाठवली," काकू पाणी देत म्हणाल्या. "रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मला म्हणते, आई, दिवाणावर बस, म्हणजे बाबापण दिसतात."

"काकू, मी दुसरी करून देते," मी म्हटलं. "तिला सांगीन रंग नीट आले नव्हते. त्यात तुम्ही दोघं नुसते उभे…"

"आता राहू दे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "ती आली की आधी तिकडे बघते. बदललं तर विचारेल."

मी बोलून गेले, "तो हात मी तसा ठेवायला नको होता."

त्यांनी तसबिरीकडे बघितलं. "मीच सांगितला ना तुला," त्या म्हणाल्या. "मी कशाला सांगितला कोण जाणे. तू विचारत होतीस आणि मला सगळं येत होतं."

मग त्यांनी मला खरबूज कापून दिलं. मी खाल्लं. माझी आई कशी आहे, मी लग्न करणार की नाही, असं त्या विचारत राहिल्या. मी दिवाणावर बसले होते आणि त्या समोर जमिनीवर, भिंतीला टेकून. तिथून त्यांना तसबीर दिसत होती, आणि दिवाणावर बसलं की ती डोक्यावर यायची. दोन्हीकडून सुटका नव्हती, आणि त्यांनी जमीन निवडली होती.

गेलेल्या माणसांची कामं मी त्यानंतर काही दिवस नाकारली. मग परत घ्यायला लागले. लोक तेच मागतात. आता मी हात सगळ्यांना तयार काकाचाच लावते, आणि कुणी म्हटलं की जरा खरा करा, तर सांगते की सॉफ्टवेअरमध्ये तेवढं होत नाही. पण फोटो आले की मी आता आधी बायकोकडे बघते. कुठे उभी आहे, किती लांब, कुणाकडे बघते आहे. त्यातून काही कळतं असं नाही. विचारण्याचं धाडस मी अजून एकदाही केलेलं नाही.

काकू मागच्या दिवाळीनंतर इंदूरला गेल्या. मुलीला दिवस गेले होते, आईला एकटं ठेवायला नको म्हणून जावई गाडी घेऊन आला. घर भाड्याने दिलं. मला हे मुलीकडूनच कळलं. तिने नव्या घराचे फोटो पाठवले होते. एकात काकू सोफ्यावर, मांडीवर लोकरीचं विणकाम, आणि मागे भिंतीवर ती तसबीर. गाडीत मावत नव्हती, टपावर बांधून आणली, असं तिने लिहिलं होतं. आणि खाली, "आई एकदम सेटल झाली."

मी तो फोटो मोठा करून बघितला. काकू सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. मी "छान" असं लिहिलं आणि पाठवून दिलं.